नाही असेल तर नाही पाठवा

परबदादांना कुणी काही विचारलं की ते आधी उत्तर देत नाहीत. आधी तो प्रश्न विचारणाऱ्यालाच परत ऐकवतात. "म्हणजे तुम्हाला हे हवंय, की पाणी आज येणार का. उद्याचं नकोय. आणि टँकरचं असलं तरी चालेल. बरोबर?" विचारणारा "हो हो, तेच" म्हणाला की त्यांचं समाधान होतं. मग सांगतात, "मला माहीत नाही."

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये त्यांचं दार आमच्या दारासमोर. पन्नाशी उलटलेले, एकटे, उंच, चष्मा कायम कपाळावर. माझं शिक्षण चौथीपर्यंत आणि बोलायचं म्हटलं की मी मागे सरते. तरी या माणसाबद्दल लिहावंसं वाटतं. त्यांच्याइतकं जपून बोलणारा माणूस मी पाहिला नाही.

पहिली ओळख दिवाणामुळे झाली. आम्ही राहायला आलो त्या दिवशी आमचा दिवाण जिन्याच्या वळणावर अडकला. वरही जाईना, खालीही येईना. बरोबरच्या सुताराने तो तिथेच बोल्ट काढून सोडायला घेतला. आमचे हे खडूने फळ्यांवर नंबर घालायला लागले, तेवढ्यात वरून आवाज आला, "नंबर कशाला?"

परबदादा खाली आले आणि पायरीवर बसले. "ज्या क्रमाने सोडताय त्या क्रमाने मांडा. वर त्याच क्रमाने उचला. खडू पुसला जातो, क्रम पुसला जात नाही."

मग सगळ्या जिन्यावर आमचा दिवाण रांगेत मांडला गेला. फळी, पट्टी, पाय, बोल्ट, परत फळी. एका पायाचा बोल्ट आधीच्या खोलीतच हरवलेला होता. तिथे दादांनी स्वतःचा चहाचा कप पालथा ठेवला.

"हे काय?" ह्यांनी विचारलं.

"इथे बोल्ट नाही."

"नाही ते आम्हाला माहितेय की!"

"तुम्हाला माहितेय. वर जो जोडणार त्याला कुठे माहितेय? तो पुढचा बोल्ट इथे लावेल, त्याच्या पुढचा तिथे, आणि शेवटी तुम्ही रात्री धाडकन खाली. नाही असेल तर नाही पाठवा. पण पाठवा."

येणारेजाणारे आमच्या फळ्या ओलांडून जात होते आणि हा माणूस प्रत्येकाला "रांग मोडू नका" म्हणत होता. वर दिवाण जोडून झाल्यावर ते त्याच्यावर बसले, दोनदा हलून पाहिलं, म्हणाले, "तोच आहे," आणि कप घेऊन गेले.

"हा एक तर इंजिनिअर आहे नाहीतर खुळा," हे म्हणाले. पुढे कळलं की इंजिनिअर आहेत. दुसऱ्या गोष्टीबद्दल बिल्डिंगमध्ये अजून एकमत नाही.

"नाही असेल तर नाही पाठवा" हे त्यांचं पालुपद. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी विचारतात, "कुणाची काही तक्रार?" सगळे गप्प. सेक्रेटरी पुढे सरकणार, तोच दादा उठतात. "गप्प म्हणजे काय? तक्रार नाही, का ऐकू आलं नाही, का झोपलेत? एकेकाने नाही म्हणा." मग पहिल्या मजल्यापासून एकेक जण "नाही", "नाही" म्हणत सुटतो आणि मीटिंग दुप्पट लांबते. मला मात्र ते आवडतं. तेवढा एकच शब्द मला चारचौघांत बोलायला मिळतो.

गेटवरचा भाजीवाला तर त्यांना लांबून पाहूनच हात जोडतो. दादा नुसती वांगी कधी मागत नाहीत. त्यांचे तीन कप्पे असतात. "वांगी हवीच. काटेरी असली तर बरं. बिया नकोच." हे झालं की भाजीवाल्याने ते परत सांगायचं. तो एकदा वैतागून म्हणाला, "साब, भाजी लेनी है या शादी करनी है?"

सगळे हसले. दादाही हसले, पण जरा उशिरा.

त्यांचं काम नेमकं काय, हे विचारायला मला फार दिवस लागले. अधूनमधून ते ठाण्याला माजिवड्याच्या ऑफिसला जात, एरवी घरूनच. एकदा मी त्यांना थालीपीठ द्यायला गेले आणि दारातच बोलून गेले, "दादा, तुम्ही दिवसभर काय करता?"

त्यांनी सवयीप्रमाणे प्रश्न परत सांगितला, मी मान हलवली, आणि मग म्हणाले, "समजा वहिनी, तुम्ही मोबाइलवर साडी शोधताय. सुती हवीच. जांभळे काठ असले तर बरं. नायलॉन नकोच."

माझ्या डोळ्यांसमोर साडी आलीसुद्धा.

"आता हा प्रश्न म्हणजे नुसते शब्द नाहीत. तो यंत्राच्या पोटात बांधलेला असतो, डब्यात डबा ठेवल्यासारखा. ‘हवंच’चा एक डबा, ‘नकोच’चा एक, त्यांच्या आत आणखी लहान डबे. ज्या यंत्रांनी शोधायचं ती लांब, आणि एक नाही, पुष्कळ. हा सगळा डोलारा तारेतून जाईल?"

"नाही जाणार."

"तुमचा दिवाण जिन्यातून कसा गेला?"

"सोडून."

"तसाच प्रश्न सोडायचा. एका सरळ रांगेत मांडायचा. नंबर नाही, नाव नाही, नुसता क्रम. पहिलं काय, मग काय, हे दोन्हीकडच्या यंत्रांना आधीच ठाऊक. पलीकडे गेला की त्याच क्रमाने परत जोडायचा. जोडल्याशिवाय शोधता येत नाही. तो सोडणं आणि जोडणं, एवढंच मी करतो."

मी हळूच विचारलं, "आणि जोडल्यावर तो तोच असतो? का त्याच्यासारखा दुसरा?"

त्यांनी थालीपीठ खाली ठेवलं. चष्मा कपाळावरून नाकावर आला. "वहिनी, माझी नोकरी याच प्रश्नावर चालते. आम्ही सोडतो, जोडतो, आणि आधीचा आणि नंतरचा शेजारी शेजारी ठेवून बघतो. केसाएवढा फरक आला तरी मला जेवण जात नाही."

त्या दिवशी घरी येऊन मी मोबाइलवर एकेक अक्षर दाबून लिहिलं, नाचणीचे लाडू, गूळ घालून. आणि श्वास धरून थांबले. माझा प्रश्न आता सुटत असेल. रांगेत उभा असेल. कुठल्या कुठे पोचून परत उभा राहत असेल, गूळही न सांडता. एवढं मनात येतंय तोवर उत्तरं समोर. आणि आमचा दिवाण जोडायला दुपार गेली होती! चौथी शिकलेल्या बाईचा प्रश्नही कुणीतरी इतका सांभाळून नेतं, याचं मला कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

दादांचा आणखी एक क्रम होता. तो अख्ख्या मजल्याला पाठ होता. त्यांची आई कल्याणजवळ मोहन्याला चाळीत राहायच्या. वडील तिथल्या कारखान्यात होते. ते गेले तरी आई खोली सोडून इकडे राहायला आल्या नाहीत. रोज संध्याकाळी फोन करायच्या. दादा फोन मोठ्या आवाजावर ठेवून कपड्यांच्या घड्या घालायचे आणि दारं उघडी असली की आम्हाला सगळं ऐकू यायचं. आई मालवणकडच्या, बोलणंही तिकडचंच.

"जेवलंस काय रे?"

"जेवलंय."

"नळाक पाणी इला?"

"इला."

"ग्यास बंद केलंस मा?"

"केलंय."

"कोण बघितलंस काय?"

"नाय गो आये."

"हं. मगे मी कधी येव?"

"रविवारी ये."

रोज हेच. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. चौथा प्रश्न आला की आमचे हे पेपराआड हसायचे. "म्हातारीने सुनेची आशा सोडलेली नाही अजून!" दादा मात्र "नाय" इतकं नीट, इतकं गंभीरपणे म्हणायचे, की जणू आजच पहिल्यांदा शोधून बघितलं आणि सापडलं नाही.

मग आईंना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. "हं" तेवढं उरलं. दादांनी त्यांना मोहन्याहून आपल्याकडे आणलं, हॉलमध्ये खिडकीशी पलंग टाकला. गिळता येत होतं, डॉक्टरांनी ते तपासलं होतं. पण आई तोंडच उघडेनात. पेज केली, शिरा केला, दूध झालं. ओठ मिटलेले. मी दोन्ही वेळा जाऊन बसायची. माझ्यासारख्या बाईला आजाऱ्यापाशी बसणं जमतं, बोलावं लागत नाही.

डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल." आईंनी ते ऐकलं. डाव्या हाताने त्यांनी चादर अशी मुठीत धरली, की ती सोडवायला दादांना वेळ लागला.

त्या संध्याकाळी नेहमीची फोनची वेळ झाली आणि आईंची नजर टीपॉयवरच्या मोबाइलकडे गेली. दादांनी ते पाहिलं. पलंगाशी स्टूल ओढून, आईंच्याच सुरात म्हणाले, "जेवलंस काय रे?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "जेवलंय."

"हं," आई म्हणाल्या. तोंड उघडलं. मी पटकन चमचाभर पेज घातली.

नळाचं पाणी. चमचा. गॅस. चमचा. मग दादा म्हणाले, "मगे मी कधी येव?"

ओठ मिटले.

पुढचे दिवस असंच चाललं. तीन प्रश्न, तीन चमचे, की दार बंद. चौथा प्रश्न ते घेत नव्हते. मी समोर बसलेली, ते एवढे मोठे, अशा वेळी तो प्रश्न कोण काढेल? मलाही त्यात वावगं वाटलं नाही. त्यांनी पेज बदलून पाहिली, चमचा बदलून पाहिला, उशी उंच केली. नळीसाठी डॉक्टरांनी सकाळी यायचं ठरवलं.

त्याच्या आदल्या संध्याकाळची ही गोष्ट. तीन चमचे होऊन ओठ मिटले होते आणि दादांचा फोन वाजला. सवयीने त्यांनी तो मोठ्या आवाजावरच घेतला. ऑफिसातली श्रेया नावाची मुलगी होती. त्यांचं यंत्र बिघडलं होतं. कुणी कुकर मागितला तर चपला दाखवत होतं, आणि काही यंत्रं तर उत्तरच देत नव्हती.

"सर, आम्ही फक्त रांगेतला एक जुना रकाना काढून टाकला. कुणी वापरतच नव्हतं."

"कुणी म्हणजे कोण?" दादांचा आवाज चढला. "नव्या यंत्रांनी वापरायचं सोडलं! जुनी अजून चालू आहेत ना? ती जुन्याच क्रमाने वाचणार!"

"पण सर, त्यात असायचं काय? कायम रिकामाच!"

"रिकामा तर रिकामा पाठवायचा! नाही असेल तर नाही पाठवा, किती वेळा सांगू? तुला नको झाला म्हणून तू गाळलास, त्याला कसं कळणार? ते बिचारं त्याच जागी थांबलंय. पुढचं घेतच नाहीये, कारण त्याला वाटतंय, अजून ते—"

दादा थांबले. फोन हातातच. पलंगाकडे बघत राहिले.

"सर? ऐकू येतंय?"

त्यांनी फोन टीपॉयवर पालथा ठेवला. स्टुलावर बसले. माझ्याकडे एकदा बघितलं, मग भिंतीकडे. कान लाल झाले होते.

"वहिनी, पहिल्यापासून," म्हणाले. "मधूनच सुरू करून चालत नाही."

जेवलंस. चमचा. पाणी. चमचा. गॅस. चमचा. मग त्यांनी घसा साफ केला आणि अगदी बारीक आवाजात, आईंच्या सुरात विचारलं, "कोण बघितलंस काय?"

आईंचे डोळे त्यांच्यावर खिळले.

"नाय गो आये," दादा म्हणाले.

"हं," आई म्हणाल्या. आणि तोंड उघडलं.

मी चमचा वाटीत बुडवायलाच विसरले, रिकामाच पुढे नेला. टीपॉयवरून पालथा फोन ओरडत होता, "सर, नाय म्हणजे? तो रकाना परत टाकू का?"

"टाक!" दादा म्हणाले आणि चष्मा काढून शर्टाने पुसायला लागले.

पाच प्रश्न झाले तरी वाटी अर्धीसुद्धा संपली नव्हती. मग परत पहिल्यापासून. आई सगळं नव्याने ऐकत होत्या, प्रत्येकाला हं म्हणत होत्या. वाटी संपेपर्यंत दादांना कितीदा तरी सांगावं लागलं, की कोणी नाही. दर वेळी त्यांनी ते तितक्याच नीट सांगितलं. पहिल्यांदा मला हसू आवरावं लागलं. नंतर नंतर मी वाटीकडेच बघत राहिले.

सकाळी डॉक्टर आले, नळी बॅगेतच राहिली. "काय केलंत?" त्यांनी विचारलं. दादा म्हणाले, "एक रकाना गाळला होता. परत टाकला." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे.

आता दादांना अधूनमधून माजिवड्याला जावं लागतं. तेव्हा हे काम माझ्याकडे असतं. त्यांनी मला सगळं शिकवलं, माझ्याकडून म्हणवून घेतलं, आणि "तेच आहे" असं सांगून मगच गेले. मी एकदा विचारलं होतं, "आई तर आता इथेच आहेत. मग शेवटी रविवारी ये कशाला म्हणायचं?" ते म्हणाले, "आईकडे अजून जुनाच क्रम आहे ना, वहिनी."

तर परवा मी एकटीच होते. आईंचा आवाजही माझा, दादांचाही माझा. चारचौघांत नाही शिवाय काही न बोलणारी मी, मालवणीत प्रश्नही विचारते आणि उत्तरंही देते! चौथ्याला मी म्हटलं, "नाय गो आये."

आईंनी हं म्हटलं नाही. त्यांचा डावा हात वर आला. माझ्या चेहऱ्यावर टेकला. आधी अंगठा, डोळ्याखाली. मग तळवा गालावरून हनुवटीपर्यंत, सावकाश. मग तो हात त्यांनी स्वतःच्या कानशिलाशी नेला आणि बोटं मोडायला दाबली. वाजली नाहीत. उजवा हात चादरीवर होता तसाच राहिला. मग "हं" म्हणाल्या आणि तोंड उघडलं.

हे माझं नव्हतं. मी नुसती वाटेत बसले होते.

दुपारभर मला सुचेना. पन्नाशीच्या पुरुषाला हे सांगायचं कसं? हात लावून दाखवणं शक्य नव्हतं. नुसतं "आईंनी माया केली" म्हणावं, तर त्यात काय पोचणार? संध्याकाळी दादा आले. दारात वाकून बूट काढताना त्यांनी नेहमीचं विचारलं, "कुठला गाळला नाहीत ना?"

"नाही," मी म्हटलं. "पण चौथ्याला आईंनी तुमच्यावरून हात फिरवला. म्हणजे, माझ्यावरून. तुमच्यासाठी म्हणून."

ते सरळ उभे राहिले. बॅग खाली ठेवली. "कुठल्या गालावर?"

"उजव्या."

"आधी काय?"

"अंगठा. डोळ्याखाली."

त्यांनी स्वतःचा अंगठा डोळ्याखाली ठेवला. "इथे?"

"जरा वर."

"मग?"

"मग तळवा. हनुवटीपर्यंत."

"असा?"

"अजून सावकाश."

त्यांनी परत केलं, सावकाश. मी मान हलवली.

"मग?"

"मग बोटं मोडली. त्यांच्या कानशिलावर. वाजली नाहीत."

"आणि दुसऱ्या हाताने?"

हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं, असं एक क्षण वाटलं. पण इतक्या दिवसांत एवढं तरी मी शिकले होते.

"दुसरा नाही आला," मी म्हटलं.

"नाही आला," ते म्हणाले. आणि जेवढा वेळ उजवा गाल घेतला होता, तेवढाच वेळ डावा गाल तसाच रिकामा ठेवून उभे राहिले, डोळे मिटून. मग म्हणाले, "पोचलं, वहिनी."

एक बूट काढायचा राहिला होता. तो तसाच पायात घेऊन ते आत गेले. स्टूल सरकल्याचा आवाज आला, आणि मग आईंच्या सुरात, "जेवलंस काय रे?"